गेट नं. २ चा बगळा

ए-२०४ काकू: गेट नं. २ च्या पिंपळाखाली परत बगळा मरून पडलाय. मान पिरगळल्यासारखी, चोचीला चिकट पाणी. दोन दिवसांत तिसरा! मुलं तिथेच सायकली फिरवतात. कमिटी झोपलीये का?

सचिव: काकू, नमस्कार. वॉचमन उभा केलाय, महापालिकेला फोन झालाय. कृपया आरोप नकोत.

सी-५०१: पिंपळ छाटा, मी वर्षभर सांगतोय.

बी-७०३ डॉक्टर काका: झाडाचा काय दोष? हा बर्ड फ्लू असू शकतो. त्याचे विषाणू रानबदकांच्या आतड्यात पूर्वीपासून राहतात, बदक सहसा आजारीही दिसत नाही. त्यातला एच५ किंवा एच७ प्रकार कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरला की खरी गडबड. दाटीत एकीतून दुसरीत जाताना त्याच्या एका प्रथिनात छोटासा बदल होतो. आधी फक्त श्वासनलिकेत नि आतड्यात वाढणारा विषाणू मग मेंदूपर्यंत सगळीकडे वाढतो. दोन-तीन दिवसांत शेड रिकामी. आजच्या एच५एन१ चा पूर्वज १९९६ ला चीनच्या ग्वांगडाँगमध्ये पाळीव हंसात सापडला. १९९७ ला हाँगकाँगमध्ये १८ माणसांना झाला, ६ गेली. पुढे पोल्ट्रीतूनच तो रानपक्ष्यांत परत गेला.

सी-५०१: म्हणजे चिकन बंद. आणि पिंपळ छाटा.

डी-१०२: मार्गशीर्ष संपायची वाट बघत होतो हो आम्ही 😭

डॉक्टर काका: वहिनी, खा की. आतपर्यंत ७० अंश तापलं की विषाणू मरतो. हाफ फ्राय तेवढं नको.

ए-२०४ काकू: ५०१, गाडीवर शीट पडते म्हणून पिंपळ नको, सरळ सांगा ना.

सी-५०१: तुम्ही कबुतरांना दाणे टाकता ते काढू का मॅडम?

सचिव: कृपया 🙏

डॉक्टर काका: भांडू नका. २००६ ला नवापूरला मी ड्युटीवर होतो. खड्ड्यात चुना टाकून कोंबड्या पुरल्या, लाखोंनी गेल्या. एक म्हातारी शेवटची परडी सोडत नव्हती. २०२२ ला शहापूरचं वेहळोली, २०२५ ला आपल्या बाजूचं चिरनेर, कोंबड्याच. पण २०२१ ला ठाण्यात बगळेच मेले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. म्हणून नमुना गेलाच पाहिजे. तोवर हात लावू नका, झाडू मारू नका, धूळ उडते.

ए-२०४ काकू: काका, आभार. दाणे आजपासून बंद.

सचिव: गाडी आली. हातमोजे घालून तिन्ही पक्षी पिशवीत घेतले. अहवाल आला की टाकतो.

सी-५०१: बरं. पिंपळाचं काय ठरलं?