बांगड्याची ममी: ७० दिवस मिठात ठेवायची का?

दादरकर: नववीची मुलं शाळेच्या प्रदर्शनासाठी बांगड्याची ममी करणार आहेत. ७० दिवस मिठात ठेवायचा का? आणि रोमन लोकही असंच करत?

नाईलकाठ: प्राचीन इजिप्तमध्ये ७० दिवस हा सगळ्या विधींचा काळ, तागाच्या पट्ट्या गुंडाळण्यासकट. नेट्रॉन म्हणजे नैसर्गिक सोड्याच्या क्षारात देह साधारण ४० दिवस असे. डाव्या कुशीला चीर देऊन यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी काढत आणि वेगळी सुकवत. हृदय मात्र आतच ठेवत, कारण परलोकात ते सत्याची देवता मात हिच्या पिसाविरुद्ध तराजूत तोललं जाणार!

बांगड्याचं पोट आणि कल्ले साफ करून टिपून घ्या. खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि मीठ समभाग मिसळा, पोटातही ठासून भरा. हातमोजे हवेतच, धुण्याचा सोडा कातडी जाळतो.

सुकीमासळी: मिश्रण पाण्यात कालवू नका, मासा सडेल. कोरडी पूडच पाणी ओढते. आठवड्याभरात तिचे ओले गठ्ठे होतात, ते टाकून नवी भरा. पावसाळ्यात तर घट्ट झाकणाचाच डबा घ्या. मुंबईच्या दमट हवेत सोडा आधी हवेतलंच पाणी पितो. बोंबीलही पावसाआधीच सुकवतात ना.

रोमवारी: रोममध्ये पहिल्या शतकात दहनच जास्त. अस्थी कलशात ठेवत, तेही नगराबाहेर, कारण ‘बारा पाट्या’ या रोमच्या जुन्या लेखी कायद्याने आत पुरायला आणि जाळायला बंदी होती. १३ ते २१ फेब्रुवारी पॅरेंटालिया, म्हणजे त्यांचा पितृपक्षच म्हणा. काही थडग्यांना नळी असे, तिच्यातून वाइन थेट अस्थींवर ओतत.