मदत हवी आहे: मुलाच्या रग्बी क्लबचा सीझन उन्हाळ्यात असावा की हिवाळ्यात?

नमस्कार मंडळी. प्रश्न इथल्या नेहमीच्या विषयांत बसणारा नाही, पण दुसरं कुठे विचारू कळेना. क्लबात विचारलं तर प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं असतं.

आम्ही गेली अकरा वर्षं वेस्ट यॉर्कशायरमध्ये, हडर्सफील्डजवळ राहतो. इकडे रग्बी म्हणजे रग्बी लीग. टीव्हीवर इंग्लंड-वेल्स वगैरे दिसते ती पंधरा जणांची युनियन, ही तेरा जणांची. सहा टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) झाले की चेंडू समोरच्यांना द्यायचा. मुलगा १४ वर्षांखालच्या संघात आहे. मी सुरुवातीला नुसत्या पाण्याच्या बाटल्या भरायला जायचे. मग सोसायटीच्या मीटिंगला उशिरा पोचणाऱ्याच्या गळ्यात जसं सेक्रेटरीपद पडतं, तसं ज्युनिअर विभागाचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आता पुढच्या महिन्यात सभा आहे आणि मतदान होणार आहे: सध्यासारखं मार्च ते सप्टेंबर खेळायचं की परत हिवाळ्यात जायचं. दोन्ही बाजू एका पानात मांडायचं काम माझ्याकडे आलंय, कारण "तू तटस्थ आहेस". तटस्थ कसली, मला थंडीत बाहेर उभं राहायला आवडत नाही.

थोडी पार्श्वभूमी. हा खेळ पूर्वी हिवाळ्याचाच होता. १९९६ मध्ये सुपर लीग सुरू झाली आणि व्यावसायिक क्लब उन्हाळ्यात गेले. त्यामागे माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोक यांच्या कंपनीचा टीव्हीचा पैसा होता. हौशी क्लब बरीच वर्षं हलले नाहीत. २०१२ मध्ये त्यांची वरची स्पर्धा, नॅशनल कॉन्फरन्स लीग, उन्हाळ्यात आली आणि हळूहळू बाकीचे बरेच मागून आले. जुन्या लोकांच्या मनात ती सल अजून आहे.

माझ्याकडे गेल्या वर्षीची हजेरीची वही आहे. मार्च ते जून दर रविवारी सतरा-अठरा मुलं. जुलैच्या शेवटी शाळेला सहा आठवड्यांची सुट्टी लागली आणि पहिल्याच रविवारी आली नऊ. कोणी स्पेनला, कोणी आजोळी पाकिस्तानात, कोणी वडिलांकडे दुसऱ्या गावी. समोरच्या कोचने मोठ्या मनाने आपलीही मुलं कमी केली आणि नऊविरुद्ध नऊ असा सामना झाला. खोटं कशाला बोलू, त्या नवांत माझा चिरंजीव नव्हता. तो सांगलीला आजीकडे श्रीखंड-पुरी खात होता.

हिवाळ्याचं चित्र वेगळं. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो, म्हणजे आठवड्याचा सराव फ्लडलाइटखाली आणि त्याचं बिल क्लबाच्या डोक्यावर. मैदान सखल आणि चिकणमातीचं. आमचे मैदान बघणारे काका सकाळी आठला जाऊन टाच गवतात दाबतात. बुटाभोवती पाणी आलं की सामना रद्द. गारठा पडला असेल तर गाडीची किल्ली जमिनीत खुपसून बघतात. किल्ली आत गेली नाही तरी रद्दच. मग मी चाळीस घरांना मेसेज करत बसते आणि त्यातली तीन तरी मैदानावर पोचलेली असतात.

तुमच्यापैकी कोणाची मुलं परदेशात किंवा भारतात असे मैदानी खेळ खेळत असतील तर सांगा: कडक मैदानावर लागण्याचं प्रमाण खरंच जास्त असतं का, क्रिकेटशी भांडण कसं मिटवता, आणि सीझनच्या मध्ये मोठी सुट्टी ठेवलेली कोणी पाहिली आहे का?

प्रतिसाद १
मी फिजिओ आहे, मँचेस्टरला. हौशी क्लबांची मुलं माझ्याकडे येतात. सुकलेल्या मैदानावर कोपर-गुडघे सोलवटतात आणि पडल्यावर दणका जास्त बसतो, हे खरं. शिवाय मैदान कोरडं असलं की मुलं जोरात पळतात, म्हणजे धडकही जोराची. चिखलात सगळंच मंद होतं. पण म्हणून हिवाळा सुरक्षित असं लिहू नका. गोठलेलं मैदान दगडच असतं आणि अंग गरम न करता मैदानात उतरणारी मुलं थंडीत आणखी दुखावतात. उन्हाळ्यात मैदानाला पाणी मारता येतं का, ते आधी विचारा. गवत वाढायचे महिनेही तेच आहेत.

प्रतिसाद २
ताई, आमच्या मुंबईत या प्रश्नाचं उत्तर कधीच देऊन झालंय. बॉम्बे जिमखान्यावर रग्बी पावसाळ्यात खेळतात. हेच ते मैदान, जिथे १९३३ मध्ये भारतातली पहिली टेस्ट झाली. थंडीत क्रिकेट, पावसात रग्बी. मी कॉलेजात असताना तीन पावसाळे खेळलो (युनियन, तुमची लीग नाही). घरी गेलो की आई दारातच थांबवायची आणि कपड्यांसकट बाथरूममध्ये पाठवायची. एप्रिलमध्ये त्याच जमिनीवर कोणी टॅकल कर म्हणालं असतं तर मी घरी निघून गेलो असतो. माझं मत: महिना बघू नका, माती बघा.

प्रतिसाद ३
सिडनीहून. आमच्याकडे लीग साधारण मार्च ते सप्टेंबरच खेळतात, म्हणजे महिने तुमचेच, फक्त इथे तो हिवाळा. मुलगी शनिवारी सकाळी खेळते. स्वेटर घालून उभं राहावं लागतं एवढंच, बर्फबिर्फ नाही. क्रिकेट उन्हाळ्यात, मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत, त्यामुळे तुमच्यासारखी कोंडी होतच नाही. तुमच्याकडे एकाच उन्हाळ्यात सगळं कोंबलंय. हवामानाइतकाच हा शाळेच्या कॅलेंडरचा प्रश्न वाटतो.

प्रतिसाद ४
यॉर्कशायरमध्ये राहून मराठी पोरगं उन्हाळ्यात रग्बी खेळतं, हे वाचूनच कसंतरी झालं. १९९२ मध्ये ज्या काउंटीने आपला पहिला परदेशी खेळाडू म्हणून सचिनला घेतलं, तिथे एप्रिल ते सप्टेंबर बॅट हातात असायला हवी. सगळे हिवाळ्याला मत द्या, विषय संपला.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. क्रिकेटवाल्या दादांना: बॅटही आहे. शनिवारी क्रिकेट, रविवारी रग्बी, सोमवारी "आई, पाय दुखतात".

काल पुन्हा वही घेऊन बसले आणि या वेळी मोठ्यांच्या संघाचीही पानं चाळली. त्यात वेगळंच निघालं. मोठ्यांचे सामने शनिवारी दुपारी. त्यातले सहा जण सप्टेंबर ते एप्रिल शेजारच्या क्लबात युनियन खेळतात. आपण हिवाळ्यात गेलो तर ते सहा गेलेच म्हणून समजा. आणखी चार जण गोदामात शिफ्टला असतात आणि नाताळच्या आधीचे दोन महिने त्यांना शनिवार मिळतच नाही. म्हणजे मुलांची अडचण ऑगस्टमध्ये आणि बाप्यांची नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. गंमत बघा, १८९५ मध्ये इथेच हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात क्लब रग्बी युनियनमधून फुटले आणि ही लीग निघाली, तेही शनिवारवरूनच. गिरणी आणि खाणकामगारांची सामन्यासाठी बुडालेली मजुरी भरून द्यायची की नाही, यावर भांडण होतं.

मैदानवाल्या काकांनाही विचारलं. ते कट्टर हिवाळावाले. चिखलाशिवाय हा खेळ म्हणजे नुसती पळापळ, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी १९६८ ची वेम्बलीची फायनल सांगितली, लीड्स विरुद्ध वेकफील्ड. धो-धो पाऊस, मैदानाचं तळं, शेवटच्या मिनिटाला वेकफील्डच्या डॉन फॉक्सची अगदी गोलपोस्टसमोरची किक हुकली आणि वेकफील्ड ११-१० ने हरलं. काका तेव्हा दहा वर्षांचे, वडिलांच्या खांद्यावरून बघत होते. मी विचारलं, "काका, महिना कुठला होता?" थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मे." आणि चहा आणायला निघून गेले.

तर मी पानावर दोनऐवजी तीन पर्याय लिहिणार आहे. मार्चला सुरू करायचं, शाळेला सुट्टी लागली की मुलांचे सामने बंद, सप्टेंबरात पुन्हा सुरू आणि ऑक्टोबरच्या मध्यात संपवायचं, म्हणजे घड्याळं मागे जायच्या आत. मोठ्यांचं आहे तसंच. बुडालेले पाच-सहा सामने मे-जूनमध्ये बुधवारी संध्याकाळी घ्यायचे. तेव्हा साडेनऊपर्यंत उजेड असतो, फ्लडलाइट नको. अर्थात स्पर्धा चालवणाऱ्यांनी आणि बाकीच्या क्लबांनी हो म्हटलं तर. फिजिओताईंचं पाण्याचं वाक्य तसंच्या तसं टाकतेय. आता प्रश्न एवढाच: नोकरी करणारे आईबाप बुधवारी सहाला मुलांना पोचवू शकतील का?

प्रतिसाद १
सहाला नाही. माझा शेवटचा पेशंटच साडेपाचला असतो आणि पुढे मोटरवेवर अडकायचं. मुलगा जेवलेला नसतो ते वेगळंच.

धागाकर्ती
बरं, पावणेसात लिहिते. आणि सामना झाल्यावर क्लबात गरम काहीतरी. गेल्या वेळी मी पावभाजी केली होती, समोरच्या संघाच्या मुलांनी पातेलं पुसून खाल्लं. त्यांचा कोच तरी माझ्या बाजूने बोलेल.