जुनं फर्निचर खरवडलं, तेव्हा खाली काय निघालं? तुमचेही अनुभव लिहा

गेल्या वर्षी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक फडताळ आणलं. वर निळा ऑइलपेंट, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा निळा. एका कोपऱ्यात घासून पाहिलं तर आत सागवान! पुढचा दीड महिना माझे सगळे रविवार त्या फडताळाचे झाले.

सगळ्यांत आधी एक सांगते: जुना रंग कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं आहे असं धरूनच चालावं. घरात लहान मूल असेल तर ती धूळ उडताच कामा नये. मी मास्क आणि हातमोजे घालून गच्चीत बसले. रिमूव्हर लावून रंग फुगू दिला, पत्रीनं (चपट्या पात्यानं) अलगद काढला, उरलेला वॉटरपेपरनं, म्हणजे पाणी लावून वापरायच्या पॉलिशपेपरनं, ओला घासला. पाण्यानं लाकडाचे तंतू उभे राहतात. ते पूर्ण वाळल्यावर 180 आणि मग 220 नंबरचा पॉलिशपेपर (नंबर मोठा तितका पेपर बारीक), तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच.

कडीपाशी बोटं लागून लागून लाकूड खोलगट झालंय. तिथे लांबी (पुट्टी) भरली नाही. कोणा बाईनं किती वेळा ते दार उघडलं असेल!

तुम्ही काय केलंत, काय फसलं, तेही लिहा.



आजोबांची आरामखुर्ची, रत्नागिरी. घासायच्या आधी वरचा थर कसला आहे ते बघा. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस मागच्या बाजूला मिनिटभर दाबून धरा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. आमचं तेच निघालं, त्यामुळे फार घासावंच लागलं नाही. जुना थर स्पिरिटनंच सैल होतो. मग कापसाची पुरचुंडी सुती फडक्यात बांधून नव्या लाखेचे पातळ हात दिले, दहा-बारा तरी.

चूक एकच झाली, मी जुलैत सुरुवात केली. दमट हवेत पॉलिश पांढुरकं पडलं. दिवाळीनंतर पुन्हा केलं, तेव्हा मनासारखी चमक आली.



मला उलट हवं होतं, नव्या रंगाला जुनेपण. साधं स्टूल होतं. आधी गडद तपकिरी रंग दिला, वाळल्यावर कडांवर मेणबत्ती घासली, त्यावर पांढरा इमल्शन. मेण असतं तिथे वरचा रंग धरत नाही, हलकं घासलं की खालचा तपकिरी दिसतो. फक्त जिथे खरोखर हात-पाय लागतात तिथेच झिजवा: बसायची कड, पायांची खालची टोकं. मी पहिल्यांदा सगळीकडे सारखंच घासलं, ते फार खोटं दिसलं. पुन्हा रंगवलं.

सागवान किंवा शिसवी असेल तर मात्र असा रंग देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.



मी जर्मनीत राहते. इथे नको असलेलं मोठं सामान लोक ठरलेल्या दिवशी रस्त्याकडेला ठेवतात, त्यातून ड्रॉवरचं कपाट उचललं. मशीननं घासताना अचानक रेषा नाहीशा झाल्या आणि खालचा दाबलेला भुसा दिसायला लागला. वर फक्त विनियर होतं, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, कागदापेक्षा थोडासा जाड. फार वाईट वाटलं. आता आधी फळीची कड बघते. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत नसतील तर हातानंच, 220 च्या पुढचा पेपर.



पलंगाखाली रोज पिठासारखी पूड पडत असेल तर भुंगा आहे. पॉलिश नंतर, आधी त्याचा बंदोबस्त. आमच्याकडे प्रत्येक भोकात सिरिंजनं औषध सोडलं. सागवान असूनही लागला कसा, असं मलाही वाटलं होतं. सुतारमामांनी दाखवलं: भोकं फक्त फिकट पट्ट्यात होती. तो झाडाचा बाहेरचा भाग, त्यात कीड जाते. आतलं गडद लाकूड शाबूत होतं.



जवसाचं तेल वापरणाऱ्यांसाठी. तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका. वाळताना ते तापतं आणि आपोआप पेटू शकतं. आमच्या गॅलरीत रात्री जळका वास आला, बादलीतला बोळा धुमसत होता. वेळीच पाणी ओतलं. आता प्रत्येक फडकं पाण्यात भिजवून, उघड्यावर एकेरी पसरून वाळवतो आणि पूर्ण कडक झाल्यावरच टाकतो.