फ्रेंच आणि आयआर एकत्र करायचंय, प्रबंधाचा विषय छोटा कसा करू?

शब्दवेडी
फ्रेंचमध्ये एमए करतेय, दुसरं वर्ष. भाषा, साहित्य आणि आंतरराष्ट्रीय संबंध (आयआर) तिन्ही घ्यायचं डोक्यात होतं म्हणून 'फ्रेंच साहित्य आणि फ्रान्सचं परराष्ट्र धोरण' असा विषय लिहून दिला, तर गाइड मॅडम म्हणाल्या हे दहा जणांचं काम आहे, छोटं करून आण. तीन आठवडे झाले, छोटं करायला गेलं की नुसतं साहित्य उरतं नाहीतर नुसतं राजकारण. आयआरच्या मुलांना भाषा येत नाही, आम्हाला थिअरी येत नाही, मग मधलं काम करायचं कोणी? कुणी केलंय का असं काही?

जुना_विद्यार्थी
थिअरी राहू दे, आधी असा एक कागद धर जो तुला दोन्ही भाषांत मुळातून वाचता येईल. सुरक्षा परिषदेचा ठराव 242 घे, 22 नोव्हेंबर 1967 चा. त्या वर्षीच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांपैकी इस्रायली फौजांनी माघार कुठून घ्यायची, तर इंग्रजीत 'फ्रॉम टेरिटरीज', मध्ये 'द' नाही. फ्रेंचमध्ये 'दे तेरितुआर', म्हणजे त्या 'दे'त 'ले' (फ्रेंचमधला 'द') आलाच. इस्रायल इंग्रजी धरून म्हणतं सगळा प्रदेश सोडा असं कुठे लिहिलंय, अरब देश फ्रेंच मजकूर पुढे करतात. मराठीत आर्टिकलच नाही, 'व्यापलेल्या प्रदेशांतून' म्हटलं की दोन्ही अर्थ निघतात, त्यामुळे आपल्याकडे आयआर वाचणाऱ्याला हे पटकन दिसतच नाही, तुला दिसेल. त्या बैठकीच्या नोंदीही यूएनच्या साइटवर फुकट मिळतात.

तळटीप
साहित्यच हवं असेल तर कथेत राजकारण शोधत बसू नकोस, पुस्तक कुठून कुठे फिरलं ते बघ. मी रशियनवाला. पास्तरनाकची 'डॉक्टर झिवागो' ही कादंबरी सोव्हिएत रशियात छापू दिली नाही, 1957 मध्ये मिलानहून आधी इटालियन भाषांतर आलं आणि मूळ रशियन मागाहून. 1958 च्या ब्रसेल्स प्रदर्शनात सोव्हिएत पाहुण्यांना ज्या रशियन प्रती वाटल्या त्या छापण्यामागे सीआयए होती, 2014 मध्ये खुल्या झालेल्या त्यांच्याच कागदांत हे आहे. भाषांतर, प्रकाशक, सरकार, सगळं एकाच पुस्तकात सापडतं.

कलम_तेहतीस
242 घेणार असशील तर एक सांगते, 'एका शब्दामुळे भांडण झालं' असं लिहू नकोस. इटली आणि इथिओपियाच्या 1889 च्या उचाली कराराचं असंच सांगतात, कलम 17 अम्हारिकमध्ये (इथिओपियाच्या भाषेत) म्हणतं इथिओपियाला हवं तर परदेशांशी व्यवहार इटलीमार्फत करता येईल आणि इटालियनमध्ये ते बंधनकारक, मग 1896 ला अडवाची लढाई. पण इटलीला तिथे वसाहत हवीच होती, शब्द त्यांच्या कामी आला इतकंच. दुसरं म्हणजे करार कसे वाचायचे याचे नियम देणारा व्हिएन्ना करार, 1969, कलम 33. दोन्ही मजकूर सारखेच अधिकृत असतील तर अर्थ एकच धरायचा, फरक मिटलाच नाही तर कराराचा हेतू बघून मेळ घालायचा. हे करारांसाठी आहे, ठरावाला सरळ लावता येत नाही, आणि का येत नाही यावर तुझा एक अख्खा चॅप्टर होतो. व्हायवात हे विचारतातच.

शब्दवेडी
काल रात्री बसून बैठकीची नोंद वाचली!! फ्रान्सचे प्रतिनिधी तिथेच म्हणालेत की फ्रेंच मजकूर इंग्रजीइतकाच अधिकृत आहे आणि 'दे तेरितुआर ओक्युपे' (व्यापलेल्या प्रदेशांतून) लिहिल्यावर संदिग्धतेला जागाच नाही. म्हणजे हा वाद नंतर कुणी उकरून काढलेला नाही, ठराव पास झाला त्याच दिवसापासून आहे. तळटीप, कल्पना फार आवडली पण मला रशियन येत नाही आणि भाषांतरावर विसंबून ते करायचं नाहीये. सध्या फक्त ही एक बैठक घेते, सगळ्या देशांची भाषणं, कोण कुठल्या मजकुराचा आधार घेतं ते. सोमवारी मॅडमना दाखवते.