अनुभव धागा : साच्यातली बिस्किटं, भट्टी आणि डिसेंबर

गोदाकाठची
काल नाशकात कॉलेज रोडला एका बेकरीत काचेआड चांदण्या, घंटा, झाडं अशा आकारांची शॉर्टब्रेड बिस्किटं दिसली. भाव बघून पाकीट जागच्या जागी ठेवलं, पण आमच्या बदकाची आठवण झाली. आजोबांनी भांडी बाजारातल्या एका कारागिराकडून डब्याच्या पत्र्याची पट्टी वाकवून बदकाचा साचा करून घेतला होता. चोच इतकी अरुंद की पीठ हमखास तिथेच अडकायचं आणि आई ते आगपेटीतल्या काडीने बाहेर ढकलायची. मळलेलं पीठ डब्यात भरून भद्रकालीकडे भट्टीवर न्यायचं. पाव निघाले की उरलेल्या धगीवर घरगुती ट्रे आत जायचे. ट्रे ओळखू यावा म्हणून आमच्या प्रत्येक बिस्किटात एक लवंग टोचलेली असायची. लवंगेचा वास मला आवडायचा, धाकट्याला नाही, तो ती उपटून माझ्या बशीत टाकायचा.

तर लिहा. घरी, भट्टीवर, कुकरमध्ये, कुठेही केलेली असोत. स्वाद कुठला, आकार कुठला, कुणी खाल्ली. नाताळचीच हवीत असं नाही.

चहाबाज
खाल्ली मी. बाकीचं बायकोला विचारून सांगतो.

पंचवटीकर
लवंग भारी! आमची खूण अंगुस्तान. आईचं शिवणाचं अंगुस्तान उलटं दाबायचं, गोल ठसा उठायचा. तरी एकदा भट्टीवर ट्रे बदलला आणि कुणाची तरी डालड्याची नानकटाई घरी आली. आमच्या साजूक तुपाची कुणी खाल्ली देव जाणे. आजी आठवडाभर गल्लीतल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे संशयाने बघत होती.

मैदाचाळणी
नानकटाईत सोडा असतो, ती फुलते, पसरते, वरून तडकते. तिचा बदक करायला गेलात तर बटाटा होईल. शॉर्टब्रेडमध्ये सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, अंडंही नाही, म्हणून कापलेला आकार टिकतो. वजनाने १ भाग पिठीसाखर, २ भाग बटर, ३ भाग मैदा. म्हणजे १००, २००, ३०० ग्रॅम. मैद्यातला मूठभर काढून तेवढी तांदळाची पिठी घाला, खुसखुशीत होतात. पीठ गोळा होईल एवढंच एकत्र करायचं, पोळीच्या कणकेसारखं तिंबत बसू नका. जाड लाटा, आकार कापा आणि ट्रेसकट फ्रीजमध्ये अर्धा तास. मग १६० अंशांवर कडा जेमतेम रंगेपर्यंत. गरम असताना मऊच लागतात, कच्ची समजून परत आत ढकलू नका.

सातपूरची_सून
ताई बटर नाही, घरचं तूप आहे. चालेल का? (तीन लिटर आहे. सासूबाई साय साठवतात, बोलायची सोय नाही.)

मैदाचाळणी
चालेल की. बटरमध्ये स्निग्धांश साधारण ८० टक्के, बाकी बहुतेक पाणी. तुपात पाणी जवळजवळ नाहीच. म्हणून २०० ग्रॅम बटरच्या जागी १६० ग्रॅम तूप घे. थिजलेलं रवाळ घे, पातळ नको. पीठ भुरभुरीत वाटलं तर चमचाभर थंड दूध. आणि चिमूट मीठ विसरू नकोस, तुपात ते नसतं.

निफाडचा_नाना
आमच्याकडे फ्रीज लागत नाही. पहाटे ओट्यावर ठेवलेलं बटर सुरीला दाद देत नाही. बागेत रात्रभर शेकोट्या चालू आहेत, थंडीने द्राक्षांचे मणी तडकतील या धास्तीने झोप नाही, आणि लेकीला हवीत द्राक्षाच्या घडाची बिस्किटं! साचा कुठला, बाटलीच्या झाकणाने गोल पाडले, वर पाच, मग चार, असे चिकटवत खाली एक. देठाला बडीशेपेची काडी. भाजल्यावर घड छान एकजीव झाला. बेदाणेही घातले होते. बारीक चिरून घाला, अख्खे राहिले की झाकणाखाली अडकून पीठ फाटतं.

पंचवटीकर
नाना यंदा भाव काय मिळेल वाटतं?

निफाडचा_नाना
बिस्किटांचा धागा आहे हो, इथे तरी नको.

शरणपूर_रोड
आमच्याकडे नाताळला करंज्या, चकल्या, शेव, लाडू हे सगळं फराळाचं आधी, बिस्किटं नंतर. ताटं शेजारी जातात, दिवाळीला त्यांची आमच्याकडे येतात. मम्मी संत्र्याची साल किसून साखरेत बोटांनी चुरते, साखर ओलसर पिवळी झाली की घरभर वास. पांढरा भाग किसणीला लागू द्यायचा नाही, कडू होतं. दुसरा घाणा जायफळाचा. आकार एकच, चांदणी. टोकं आधी करपतात म्हणून ती जरा आत दाबून बोथट करायची.

अवांतर : शॉर्टब्रेड मूळची स्कॉटलंडची. आफ्रिकेत शोधप्रवास करणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनही स्कॉटिश. १८७३ मध्ये तो आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत चालत आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. गुलामीतून सुटलेला, इथे आपल्या नाशकात शरणपूरला मिशनच्या शाळेत शिकलेला. १८७४ ला लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झालं तिथेही तो हजर. रोज शरणपूर रोडने जाणाऱ्या किती जणांना माहीत आहे?

चहाबाज
मला नव्हतं! बिस्किटावरून थेट आफ्रिका. मस्त.

पुदिना_चटणी
ओव्हन नाहीये. जाड बुडाच्या कढईत मीठ, वर रिंग, वर ताटली. पाऊण तास लागतो आणि खालून जास्त रंग येतो, पण होतात. माझी संक्रांतीची असतात, तीळ भाजून घातलेले, पतंगाच्या आकाराची. पतंगाला साचा लागत नाही, सुरीने तिरके कापले की झाले चौकोन. शेपटी करायला जाऊ नका, ती आधी काळी पडते आणि मोडते. माहेर येवल्याचं, तिकडे संक्रांतीला तीन दिवस कुणी गच्चीवरून खाली उतरत नाही, तेव्हा हातात धरून खाता येईल असंच काहीतरी लागतं. मांज्याने कापलेल्या बोटांना तिळगुळाचा पाक लागला की काय होतं ते येवलेकरांना विचारा.

सातपूरची_सून
अगं पुदिना माझी जाऊ पण येवल्याची! कुठल्या भागात?

पुदिना_चटणी
थांब व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते

गोदाकाठची
वेनराइटचं वाचून बसलेच. @मैदाचाळणी, फिल्टर कॉफीची पूड घालून बघायचीय. किती?

मैदाचाळणी
३०० ग्रॅम मैद्याला एक मोठा चमचा, अगदी बारीक. भरड असली तर दाताखाली येते. इन्स्टंट घेतलीस तर निम्मी.

चहाबाज
बायको म्हणते तिने मागच्या नाताळला अस्वलं केली होती आणि ती मी डब्यातून ऑफिसला नेऊन संपवली. मी ती बदकं समजून खाल्ली.

सातपूरची_सून
झाली!! तुपाची, वेलदोडा घालून. सासूबाईंनी करंजीच्या कातणाने कडा कापल्या, म्हणाल्या साचे कशाला हवेत. माझी गोल, त्यांची नागमोडी. नवऱ्याने फक्त नागमोडी उचलली. तूप अजून अडीच लिटरच्या वर आहे, आणखी काय करू सांगा पटकन, गॅसवर वरण आहे