रिमांड होममधल्या मुलांसाठी आठवड्याचे दोन तास द्यायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

गणितवाली
नमस्कार. मी पुण्यात विश्रांतवाडीला राहते. 22 वर्षं शाळेत गणित शिकवलं, यंदा निवृत्त झाले.

आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा मार्चमध्ये मोटरसायकल चोरीत सापडला. सोळाही पूर्ण नव्हता. ताईंसोबत मी बाल न्याय मंडळात गेले. वय सिद्ध करायला शाळेचा दाखला लागतो, तो त्यांनी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून, वर रबर लावून आणला होता. नंबर यायला तीन तास लागले, तेवढ्या वेळात पिशवी मांडीवरून हलली नाही. मुलाला आणलं तेव्हा तो माझ्याकडे बघेना. सातवीत मीच त्याला अपूर्णांक शिकवले होते.

त्याला जामीन मिळाला, घरी आहे. पण त्या दिवशी बाकावर आमच्या शेजारी बसलेली बाकीची पोरं डोक्यातून जात नाहीत. त्यातल्या दोघांसोबत घरचं कुणीच नव्हतं.

मला आठवड्याला दोन तास नक्की देता येतील. येरवड्याचं निरीक्षणगृह (म्हणजेच रिमांड होम) जवळ आहे. परवानगी कुणाची घ्यायची? आत जाऊन काय करायचं? आणि काय करू नये, हे आधी सांगा.

रानजाई
मलाही हेच विचारायचं होतं. वाचतेय.

जुनी_सायकल
ताई, मी 9 वर्षं एका निरीक्षणगृहात जात होतो. जिल्हा सांगत नाही, कारण मुलांची ओळख लागू नये.

परवानगीचं आधी. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज द्या, जिल्हा बाल संरक्षण कक्षही तिथेच विचारा. मग अधीक्षकांना भेटा. माझ्याकडून ओळखपत्राची प्रत आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला घेतला होता. वेळ लागतो. चार वेळा खेटे घालावे लागले तरी रागवू नका. लहान मुलांच्या जागी कोण येतंय हे कुणीतरी तपासतंय, हे चांगलंच आहे.

आता मुख्य गोष्ट. शाळेसारखा अभ्यासक्रम आखून जाऊ नका. इथला मुलगा पुढच्या मंगळवारी असेलच असं नाही. कुणी चार दिवसांत जामिनावर जातो, कुणी महिनोन्‌महिने असतो. दर खेपेला अर्धे चेहरे नवे. त्यामुळे जे शिकवाल ते त्या दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी संपायला हवं.

मी किराणा दुकानाची बिलं लिहून न्यायचो. साखर, तेल, तूरडाळ, आणि बेरजेत मुद्दाम चूक. ओळखा म्हणायचो. एक मुलगा पहिल्या दिवशी म्हणाला, "मला गणित येत नाय." आणि कागद हातात घेऊन थोड्याच वेळात 18 रुपयांची चूक काढून मोकळा. वडापावच्या गाडीवर दोन वर्षं गल्ला सांभाळला होता पोराने. भागाकाराची मांडणी मात्र त्याने कधी पाहिली नव्हती. ती त्या दुपारी शिकला, घाम पुसत पुसत.

पेन्सिली तासूनच न्या. टोकयंत्राला पातं असतं, ते आत चालत नाही. जाताना मोजून द्या, येताना मोजून घ्या, आणि ते मोजायचं काम एका मुलालाच सांगा. ते काम मिळावं म्हणून रांग लागते.

"काय केलंस?" हे कधीही विचारू नका. सांगायचं असेल तर तो सांगेल. चौकशी चालू असते, तुमच्याशी बोललेलं कुठे पोचेल ही भीती त्याला असते, आणि ती खोटी नाही.

एकदा एक मंडळी फळवाटपाला आली. मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू लागली. माझ्या शेजारचा मुलगा केळं तोंडासमोर धरून उभा राहिला, चेहरा दिसू नये म्हणून. ते केळं त्याने नंतर खाल्लंही नाही. मी त्या दिवशी वेळेवर बोललो नाही, त्याची मला आजही लाज वाटते.

अधिवक्ता_नागपूर
फोटोबद्दल कायदा स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम 2015, कलम 74: नाव, पत्ता, शाळा, चित्र, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'सेवाकार्य' म्हणून समाजमाध्यमांवर टाकलं तरी तेच.

गणितवाली, तुम्ही त्या दोघांबद्दल लिहिलंत म्हणून सांगते. 2024 च्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन चालकाला जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेला 300 शब्दांचा निबंध सगळ्यांच्या तोंडी झाला आणि मंडळापुढे गेलेलं प्रत्येक पोर असंच सुटतं, असा समज झाला. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं उलट असतं. जामीन मंजूर होतो, पण घ्यायला कुणी येत नाही. आई परराज्यात, बापाचा फोन बंद. मुलगा आतच. आत शिकवण्याइतकीच बाहेरच्या कामाला माणसं हवी आहेत: परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर) विचारून घरच्यांना तारीख कळवणं, त्यांच्यासोबत मंडळात बसणं, सुटल्यावर शाळेत किंवा आयटीआयला प्रवेशासाठी सोबत जाणं. शाळेला सगळं सांगू नका, विचारलंच तर आधी वकिलाशी बोला.

पुढे कधी मंडळाची सामाजिक सदस्य व्हायचं मनात आलं, तर मुलांच्या क्षेत्रातला किमान 7 वर्षांचा अनुभव लागतो. दोन सामाजिक सदस्यांपैकी एक स्त्री असावीच लागते.

डोंगरीकर
मुंबईकरांसाठी: उमरखाडीचं निरीक्षणगृह चिल्ड्रन्स एड सोसायटीकडे आहे, 1927 सालची संस्था. जागा जुन्या डोंगरी तुरुंगाची, टिळक आणि आगरकर 1882 मध्ये 101 दिवस होते तोच. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या भिंतींनीच छाती दडपली. मुलं कॅरम खेळत होती. मी तासभर नुसता बघत बसलो. पुढच्या खेपेला एकाने स्वतःहून स्ट्रायकर माझ्या हातात दिला.

फिटर_चाकण
मी नेहमी फक्त वाचतो, आज लिहितो. मी आत राहिलो आहे. कुठे, का, ते राहू दे.

भाषण द्यायला बरेच यायचे. चांगले नागरिक व्हा, आईवडिलांना विसरू नका. आम्ही टाळ्या वाजवायचो. एक सर गुरुवारी यायचे, नुसते पेपर वाचायला. कबड्डीचं पान आधी, मग बाकीचं. एका गुरुवारी धो धो पाऊस होता, आम्ही धरून चाललो की आज येणार नाहीत. ते भिजून आले, पेपर शर्टाच्या आत ठेवलेला. मला तोवर कुणासाठी कुणी भिजलेलं माहीत नव्हतं.

मी सुटल्यावर दोन महिने घरी बसून होतो. गल्लीतले बोलत नव्हते, जुने मित्र मात्र रोज बोलवायचे. सरांनी घरी येऊन आयटीआयचा फॉर्म भरून घेतला. तेव्हा आले नसते तर काय झालं असतं ते मला माहीत आहे.

मॅडम, जमणार नसेल त्या आठवड्याला आधीच निरोप द्या. येते म्हणून न येणं फार लागतं. आणि तुमच्या त्या सातवीतल्या पोराकडे आधी जा. तो बघत नव्हता म्हणजे तुम्हाला ओळखलं होतं त्याने.

गणितवाली
फिटर, काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि आज सकाळी त्याच्या घरी जाऊन आले. आधी दारात आलाच नाही. मग चहा घेऊन तोच आला. दहावीला बाहेरून बसायचा 17 नंबरचा फॉर्म भरायचं बोलणं झालं आहे, त्याची आई कागदपत्रं शोधतेय.

अर्ज सोमवारी देते. जुनी_सायकल, एक राहिलं: बिलं मराठीत लिहायची की हिंदीत?

जुनी_सायकल
दोन्हीत. आणि वाचता न येणारा एकजण असतोच, त्याच्यासाठी एक बिल नुसत्या आकड्यांचं ठेवा.