अँबॅसिडरचा डायनामो रिवाइंडिंगआधी टेबलावर कसा तपासावा?

फोंडेकर: बाबांची अँबॅसिडर मार्क २ पावसाळाभर शेडमध्ये होती. आता सुरू होते, पण चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही. बेल्ट ताठ आहे. गॅरेजवाले म्हणतात, अल्टरनेटर बसवा. मला बॅटरी चार्ज करणारा मूळचा लुकास कंपनीचा डायनामोच ठेवायचाय. घरी तपासता येईल का? रिवाइंडिंगला (आतली तार नव्याने गुंडाळायला) कुणाकडे द्यावा?

बार्देशकर: अल्टरनेटर अजिबात नको, रिवाइंडिंगही इतक्यात नको. आपल्या दमट हवेत उभ्या गाडीच्या डायनामोचे कार्बन (ब्रश) होल्डरमध्ये अडकतात, आधी ते बघा. स्प्रिंग उचलून कार्बन वरखाली सरकवा, अडकत असेल तर होल्डर पेट्रोलच्या फडक्याने पुसा. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) काळा पडला असेल तर बारीक काचपेपर फिरवा, एमरी नको, तिचे कण पट्ट्यांमध्ये बसतात.

मग डायनामो व्हाइसमध्ये घट्ट धरा. डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) ही डायनामोची दोन्ही टोकं एकत्र जोडून १२ व्होल्ट बॅटरीच्या एका टोकाला, डायनामोची बॉडी दुसऱ्या टोकाला. चांगला डायनामो मोटरसारखा सावकाश, एकसारखा फिरतो आणि साधारण ४-५ अँपिअर घेतो. झटके देत फिरला तर आर्मेचरवर (आत फिरणाऱ्या गुंडाळीवर) संशय घ्या. एफ आणि बॉडीमध्ये मल्टिमीटर लावा, सी४० मॉडेलच्या फील्डला (बॉडीतल्या स्थिर गुंडाळीला) ६ ओहमच्या आसपास यायला हवं.

सासष्टीकर: फिरला म्हणजे चार्ज करेलच असं नाही हो. गाडीवर परत चढवा, डी-एफच्या तारा काढून दोन्ही टोकं जोडा, ती टोकं आणि बॉडी यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावा आणि इंजिनाचा वेग हळूहळू वाढवा. व्होल्टेज भराभर चढायला हवं, २० च्या वर मात्र नेऊ नका. काहीच आलं नाही तर कार्बन, अर्धा-एक व्होल्ट आला तर फील्ड, ४-५ वर अडकलं तर आर्मेचर. इथे पास झाला तर दोष कटआऊटमध्ये (डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमध्ये) किंवा वायरिंगमध्ये शोधा.

रिवाइंडिंगवाल्याला एकच विचारा: ग्राउलर (आर्मेचर तपासायचं चुंबकी यंत्र) आहे का? त्यावर आर्मेचर ठेवून वर हॅकसॉचं पातं धरतात. शॉर्ट असलेल्या खाचेवर पातं थरथरतं. हे तुमच्यासमोर करून दाखवणाऱ्याकडेच द्या, मग तो पंपाच्या मोटरी करणारा असला तरी चालेल.

फोंडेकर: बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला लावू?

बार्देशकर: गाडीत जे अर्थला आहे तेच. जुन्या गाड्यांत प्लसही अर्थला असतो, म्हणून बॅटरीची जाड तार चेसिसला कुठून जाते ते आधी बघा. उलट जोडलंत तर चुंबकत्व उलटं बसतं आणि डायनामो उलट्या दिशेने चार्ज करू लागतो.